लाकडाच्या स्टोव्हसाठी भरवशाचा थर्मामीटर कोणता?

कंपनी नंतर बघा, आधी स्टोव्हमधून वर जाणारा पाइप एकेरी पत्र्याचा आहे की दुहेरी ते बघा. एकेरी असेल तर लोहचुंबकाने चिकटणारा, काट्याचा साधा थर्मामीटर पुरतो. तो स्टोव्हच्या वर साधारण दीड फुटावर पाइपला लावायचा. पाइप दुहेरी असेल तर हाच थर्मामीटर निरुपयोगी, कारण बाहेरच्या पत्र्याला आतल्या धुराचा पत्ताच नसतो. तिथे भोक पाडून आत दांडी सोडायचा प्रोबच हवा. कॉन्डार ही कंपनी दोन्ही प्रकारचे बनवते. दुरून तापमान मोजणाऱ्या लेझरच्या पिस्तुलाचे लाड नकोत. काळ्या, खरबरीत लोखंडावर ते ठीक आकडा देतं, चकचकीत स्टीलवर वाट्टेल तो.

खरं तर एवढं लिहून थांबले असते. पण तुम्ही खाली विचारलंय, ‘अनुभवी माणसाला म्हणे ज्वाळा बघूनच कळतं, मग थर्मामीटर हवा कशाला?’

हे वाक्य आमच्याकडे दर नाताळात ऐकू येतं. आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो, दीर न्यू जर्सीला. त्यांच्या घरी गॅसचं हीटिंग, पण आमच्याकडे पाऊल टाकलं की स्टोव्हचा ताबा त्यांचा. रात्री दोन-तीन जाड ओंडके आत कोंबायचे, हवेची झडप पार बंद करायची आणि वर सांगायचं, “वहिनी, आता सकाळपर्यंत बघायला नको. आजी अशीच चूल राखायची.”

आजी अशी चूल राखत नव्हत्या! साताऱ्याकडच्या त्या घरात मीही राहिलेय. जेवणं उरकली की आजी जळती लाकडं बाहेर ओढून विझवायच्या आणि नुसते निखारे राखेखाली झाकायच्या. निखाऱ्याला धूर जवळपास नसतोच. भावजी अख्खा ओंडका ठेवून त्याची हवा तोडतात, मग तो रात्रभर धुमसत बसतो. शिवाय चुलीचा धूर कौलांतून निघून जायचा, फार तर आढ्याला काजळी धरायची. इथे तो गारठलेल्या धुरांड्यातून वर चढता चढता निवतो आणि त्यातलं डांबर आतून थरावर थर बसतं. त्याला क्रिओसोट म्हणतात. ते पेटलं तर धुरांड्यातली आग ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते.

थर्मामीटर आणला त्या नाताळात मी मुद्दाम गप्प बसले. भावजींनी झडप लावली. काच काळवंडत गेली आणि काटा २०० फॅरनहाइटच्याही खाली उतरला. आमच्या एकेरी पाइपवर तो साधारण २५० ते ४७५ मध्ये हवा. त्याखालच्या पट्ट्यावर क्रिओसोट असं छापलेलंच असतं. भावजींनी वाचलं आणि म्हणाले, “यंत्र चुकतंय.”

मग दुसऱ्या दिवशी, पाइप गार झाल्यावर, ते यंत्र काढून ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला ठेवलं, शेजारी केकसाठीचा ओव्हन थर्मामीटर. दोन्ही काटे जवळजवळ एकाच जागी. तुमच्या ‘भरवशाचा’ या शब्दाला माझं उत्तर हेच. आतली दोन धातूंची गुंडाळी तापून तापून सैल पडते, त्यामुळे कितीही महाग घेतलात तरी दर हिवाळ्याआधी ही परीक्षा घ्या. दहा-वीस अंशांचा फरक चालतो. लोक स्टोव्ह लाल होईल म्हणून घाबरतात आणि वरचा आकडा बघत बसतात. थर्मामीटर घ्यायचा तो खालच्या आकड्यासाठी.

भावजींचं पुढचं म्हणणं, “तुमचं सरपणच ओलं असेल.” हे मात्र बरोबर असू शकतं, आणि ते थर्मामीटर सांगत नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचा, २० टक्क्यांच्या आत हवं. ओकला फोडल्यावर दोन वर्षं सुकू द्यावं लागतं.

आता राहिलेलं. वरचे आकडे एकेरी पाइपच्या बाहेरचे आहेत. प्रोब आतला धूर मोजतो, त्याचे आकडे जवळपास दुप्पट असतात, साधारण ४०० ते ९००. कॅटॅलिटिक स्टोव्ह (आतल्या खास जाळीत धूर पुन्हा जाळणारा) असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच्या पुस्तिकेतले आकडे पाळा. धुरांडं वर्षातून एकदा तपासून घ्याच, काटा कितीही शहाणा वागला तरी. आणि कोंडलेल्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा. झडप बंद करणारे पाहुणे येत असतील तर थर्मामीटरच्या आधी तो घ्या.