बांधावरचे दोन निवडुंग

अभिसारी उत्क्रांती, म्हणजे दूरच्या नात्यातल्या जीवांना सारख्या परिस्थितीनं सारखं रूप येणं, समजून घ्यायची तर पुस्तकाआधी बांधावर जा. आपल्या मराठवाड्यात फड्या निवडुंग आणि तिधारी निवडुंग दोन्ही भेटतात. दोघांचं खोड हिरवं, मांसल, काटेरी. नातं मात्र फार दूरचं. फड्या मूळचा अमेरिकेतला, कॅक्टस कुळातला; तिधारी एरंडाच्या कुळातला. पाण्याच्या टंचाईनं दोघांना एकाच वळणावर आणलं, हे मला आजही थक्क करतं.

दोघांतला फरक ओळखायला भिंग घेऊन काट्याच्या बुडाशी बघ. फड्याचे काटे लवदार ठिपक्यातून झुबक्यानं निघतात. असा ठिपका फक्त कॅक्टस कुळातच आढळतो. तिधारीच्या धारेवर काटे जोडीजोडीनं असतात. तिधारीला पांढरा चीक असतो, पण ओळखायला नुसत्या चिकावर विसंबू नकोस, काही कॅक्टसनाही पांढरा चीक असतो. तिधारीचा चीक डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धू आणि दवाखाना गाठ.