वाचक विचारतात: मास्क आत जात नाहीत, पत्र जातं
(जून २०२०)

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा एडिसनला भजनाचा ग्रुप आहे, मंदिर मार्चपासून बंद म्हणून शनिवारी झूमवर जमतो, आणि आम्ही सगळ्याजणींनी मिळून २०० मास्क शिवलेत. इथल्या इमिग्रेशनच्या जेलमध्ये कोरोना शिरलाय, साबणही पुरत नाही असं वाचलं म्हणून मास्क, साबण आणि थोडा चिवडा असं पार्सल द्यायचं ठरवलं, तर फोनवर ‘पार्सल घेत नाही’ एवढं म्हणून ठेवून दिला. मंदिरातले ज्येष्ठ म्हणतात यात पडू नका, आपलीच निम्मी मंडळी व्हिसावर आहेत. काय करावं? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: चिवड्याचं ऐकून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण मीही अशा जेलमध्ये पहिल्यांदा कोणाला भेटायला गेले तेव्हा पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की होती आणि ती गेटवरच राहिली. पार्सल घेत नाहीत हे खरंय, पुस्तकसुद्धा बहुतेक ठिकाणी थेट दुकानातून किंवा प्रकाशकाकडून आलेलंच घेतात. त्यामुळे मास्कचा हट्ट सोडा. ते सुटून बाहेर येणाऱ्यांसाठी ठेवा, कारण माणूस सुटतो तेव्हा अंगावरचे कपडे आणि हातात एक पिशवी, फोनला चार्ज नाही आणि बसस्टँड कुठे ते माहीत नाही अशी गत असते. जॉर्जियात स्टुअर्ट डिटेन्शन सेंटरजवळ ‘एल रेफ्युजियो’ नावाचं घर आहे, भेटायला लांबून येणाऱ्या कुटुंबांना तिथे राहायला-जेवायला मिळतं. तुमच्या ग्रुपला हे जमण्यासारखं आहे, स्वयंपाकात तर तुमचा हात कोण धरणार!

आता आतलं. भेटी १३ मार्चपासून बंद आहेत आणि आईसच्या (म्हणजे इमिग्रेशनवाल्यांना पकडून ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) ताब्यातला पहिला कोरोना पेशंट २४ मार्चला सापडला तो तुमच्याच राज्यात, हॅकेन्सॅकच्या बर्गन काउंटी जेलमध्ये. ६ मेला सॅन डिएगोच्या ओटाय मेसा सेंटरमधला एकजण दगावला, आईसच्या कस्टडीतला कोरोनाचा तो पहिला मृत्यू. मार्चमध्ये देशभर सुमारे ३८ हजार माणसं आत होती, आता आकडा बराच उतरलाय, पण त्यावर लगेच खुश होऊ नका, काहीजण वकिलांनी आणि कोर्टांनी सोडवलेत हे खरं, पण आकडा बराचसा उतरला तो मार्चपासून सीमेवर आलेल्यांना तिथूनच परत पाठवतायत म्हणून.

भेट बंद म्हटल्यावर उरतं पत्र आणि फोन. पत्राला आपण फार हलकं समजतो, पण ज्याच्याकडे चार महिन्यांत वकिलाशिवाय कोणाचंच काही आलेलं नाही (आणि बऱ्याच जणांना तर वकीलच नसतो, इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही) त्याला विचारा. केअर्नीची ‘फर्स्ट फ्रेंड्स’ ही संस्था कितीतरी वर्षं भेटी आणि पत्रांचं काम करते, त्यांच्यामार्फत लिहा, आपला घरचा पत्ता वगैरे द्यायची गरज आहे का ते त्यांनाच विचारा. पाकिटावर पूर्ण नाव आणि ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नंबर) हवाच. पत्र उघडून तपासतात, म्हणून केसबद्दल चकार शब्द नको, स्टेपलरच्या पिना, चमकी, चिकटवलेली फुलं नकोत. आणि हो, पहिल्याच पत्रात भजन आणि उपदेश नको, समोरचा मुसलमान असेल, शीख असेल, कॅथलिक असेल, त्याने मागितलं तर जरूर द्या. पावसाबद्दल लिहा, मुलांबद्दल लिहा.

फोनचं म्हणाल तर आतून फोन करायला पैसे लागतात आणि आत काम केलं तर दिवसाला १ डॉलर मिळतो, त्यात बोलणार किती आणि कमिसरीतून, म्हणजे आतल्या दुकानातून, साबण घेणार किती? साबण पाठवायचाय ना, मग असा पाठवा, त्या माणसाच्या आतल्या खात्यावर पैसे भरून. कसे भरायचे ते प्रत्येक जागी वेगळं आहे, संस्थेला विचारा.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तुमची भाषा. आत पंजाबी, गुजराती, हिंदी बोलणारी माणसं आहेत आणि वकिलाला त्यांचं काही कळत नाही. २०१८ मध्ये ओरेगॉनमध्ये शेरिडनच्या तुरुंगात १२० वर असायलम, म्हणजे आश्रय, मागणारे ठेवले होते, त्यात ५० च्या आसपास भारतीय, बहुतेक शीख. त्यांच्यासाठी पंजाबी बोलणारी स्थानिक मंडळी पुढे आली, दुभाषी झाली. तुमच्यातल्या चारपाचजणींना हिंदी-गुजराती उत्तम येत असणार, फोनवर दुभाषाचं काम घरबसल्या होतं. फक्त सल्ला द्यायचा नाही. ‘माझ्या मेव्हण्याची केस अशी झाली’ हे तर मुळीच नाही, त्याने माणसाचं नुकसान होतं.

बाँडचं, म्हणजे केस चालू असताना सुटण्यासाठी भरायच्या जामिनाचं, थोडक्यात: कमीत कमी १५०० डॉलर, बहुतेकदा कितीतरी जास्त, सगळे एकदम भरावे लागतात, माणूस प्रत्येक तारखेला हजर राहिला तर केस संपल्यावर परत मिळतात. भरणारा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असला की अडचण येत नाही. ज्येष्ठांची भीती खोटी नाही, एच-वन व्हिसावाल्यांनी सही करायच्या, नाव लावायच्या कामात पुढे होऊ नये. पण पत्र, दुभाषा, जेवण यात कोण अडवतं? आणि ज्यांचं नागरिकत्व झालंय त्यांनी फ्रीहोल्डरांना, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळींना, फोन करावा, कारण हडसन, एसेक्स, बर्गन या काउंट्यांना आईसची माणसं आपल्या जेलमध्ये ठेवण्याचे एका माणसामागे दिवसाला शंभर डॉलरच्या वर मिळतात, म्हणजे ते भाडंच खातायत. निवडणुकीत कोणाचा प्रचार मंदिराच्या नावाने करायचा नाही, तेवढं सांभाळा.

प्रश्न: पण ताई, कायदा मोडून आलेल्यांची एवढी काळजी कशाला? आपण रांगेत उभे राहिलो ना! (एक वाचक, टेक्सास)

उत्तर: मीही रांगेत उभी होते, ११ वर्षं. पण इमिग्रेशनची कस्टडी ही शिक्षा नसते, दिवाणी कस्टडी असते, आत असायलम मागणारेही असतात आणि सीमेवर येऊन असायलम मागणं अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलंय. तुम्हाला तरीही पटलं नाही तर वाद नाही. मग सुटून येणाऱ्यांपर्यंत ते २०० मास्क कसे पोचवायचे तेवढं एडिसनवालीला सांगा, तिने शिवून ठेवलेत.