नेहमी आठ नंबरचे बूट घालतो. परदेशी साइटवरही आठच मागवू का?

प्रश्न वाचला आणि उजव्या पायाचा अंगठा ठणकला. नका मागवू. आधी तो आठ कुठला ते बघा.

माझ्या दादाने हीच चूक केली, भोगली मी. वाढदिवसाला त्याने मला पळायचे बूट मागवले, आठ नंबर. पाय आत जायचा, पण अंगठा पुढे टेकायचा. दादा म्हणाला, "नवा बूट चावतोच. घालत राहा, सैल होईल." अरे, बूट रुंदीला थोडाफार सैलावतो, लांबीला कसा वाढेल? पण तेव्हा ऐकलं. दोन आठवडे पळालो. नख आधी जांभळं, मग काळं, आणि एके दिवशी मोज्यातच राहिलं. तेव्हा कुठे बुटाची जीभ उलटून बघितली. चिठ्ठीवर बारीक अक्षरात: यूके ७, यूएस ८, युरोप ४१, २६ सेंमी. मी घालतो तो यूकेचा आठ. दादाला दाखवलं तर म्हणे, "तुझा पंजाच रुंद आहे."

त्या रात्री भिंतीला टाच लावून, कागदावर उभा राहून पाय मोजले. डावा २६.३, उजवा २६.७. मोठा धरायचा. आणि संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय जरा फुगतो.

यूके काय, यूएस काय, एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. फक्त मोजायची सुरुवात वेगळी, म्हणून पुरुषांचा यूएस नंबर अर्ध्या ते एकाने पुढे. युरोपचा नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, आणि तोही पायाचा नाही, बूट ज्या साच्यावर बनतो त्या साच्याचा. त्यामुळे नंबर कधीच काटेकोर जुळत नाहीत आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा निघतो. सरळ सेंटिमीटरचा रकाना बघा. "एक नंबर मोठाच घ्यावा" म्हणणाऱ्यांचं (दादाचं हे दुसरं ब्रह्मवाक्य) ऐकू नका, टाच निसटते आणि फोड येतात.

कपड्यांचं विचारूच नका. बायकांचा यूएस ८ म्हणजे यूके १२, जर्मनीत ३८, इटलीत ४४. नीट बसणारा एक कपडा सपाट पसरून मोजा आणि तक्त्याशी ताडा. तक्त्यातली छाती कपड्याची आहे की अंगाची, तेवढं वाचा.

हो, एक राहिलंच. बायकांच्या बुटांचे यूएस नंबर पुरुषांपेक्षा साधारण दीडने पुढे असतात. आणि काही तक्त्यांत सेंटिमीटर पायाचे नसून बुटाच्या आतल्या तळाचे असतात, तिथे पायापेक्षा सेंटिमीटरभर जास्त धरा.

आणि दादा, वाचत असशील तर: पंजा १० सेंमी रुंद आहे. मोजलाय. फोटो पाठवू?