ब्राह्मी घेण्याआधी पान पाहा

सांगलीतल्या रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की पुष्कळदा मंडूकपर्णी हाती पडते, म्हणून पैसे देण्यापूर्वी पान बोटांत धरून पाहावे: मंडूकपर्णीचे पान गोलसर, दातेरी कडेचे आणि लांब देठाचे असते, तर ब्राह्मीची पाने बारीक, मांसल आणि दांडीवर समोरासमोर चिकटलेली असतात व चावल्यास चांगलीच कडू लागतात. मंडूकपर्णीही टाकाऊ नव्हे. चरकाने मेध्य रसायनांत (बुद्धी-स्मरणशक्तीसाठीच्या औषधांत) यष्टिमधु म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांच्यासोबत तिचाच स्वरस, म्हणजे ताजा रस, सांगितला आहे. मात्र स्मरणशक्तीवरच्या अनेक आधुनिक चाचण्या ब्राह्मीच्या अर्कावर, रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम आणि १२ आठवडे, अशा झाल्या आहेत. तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करण्यात अर्थ नाही.

ब्राह्मीचा रस रिकाम्या पोटी घेऊ नये (मी घेतला आणि दोन दिवस पोट धरून बसलो). कृष्णाकाठी सांडपाणी मिसळते तिथली ब्राह्मी तोडू नये, कारण ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. थायरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास किंवा गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विसरभोळेपणा अलीकडेच वाढला असेल, तर काढा उकळण्याआधी बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.