डेबियन टाकलं, पण डेस्कटॉप कुठंय?

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, रॅम २ जीबी. इन्स्टॉल नीट झालं पण चालू केलं की काळी स्क्रीन आणि 'लॉगिन' एवढंच, माऊसचा बाणही नाही. परत पहिल्यापासून टाकू का?

उत्तर: अजिबात नको! सिस्टीम धडधाकट आहे, फक्त डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या नि माऊसचा बाण दाखवणारा भाग, बसलेला नाहीये. नेटइन्स्ट या छोट्या इन्स्टॉलर फाइलमध्ये डेस्कटॉप नसतोच, तो इन्स्टॉल करताना नेटवरून येतो, तेव्हा मिरर (डेबियनच्या फाइल पुरवणारा सर्व्हर) निवडला नाही की असं होतं. आता लॅन केबल लावा, लॉगिन करा, मग 'एसयू', स्पेस, डॅश टाइप करून रूटचा (म्हणजे मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड द्या (अक्षरं दिसत नाहीत, पण टाइप होत असतं). तो डॅश विसरू नका हं, त्याच्याशिवाय पुढच्या काही कमांड सापडतच नाहीत आणि माणूस उगाच हैराण होतो. मग 'एपीटी अपडेट' (सॉफ्टवेअरची यादी ताजी करायला), काहीच आलं नाही तर सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमध्ये मिररची ओळ टाकावी लागेल. नंतर डेस्कटॉप निवडायला 'टास्कसेल'. यादी येईल त्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या, २ जीबीत ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप जड जातो. निवडताना स्पेसबारनेच चांदणी उमटते, नुसतं एंटर दाबलं तर निवड न होताच पुढे जातं, इथंच बरेच जण फसतात. झालं की रीस्टार्ट करा.