बटण दाबण्याआधीच ठरलेलं

प्रश्न : युद्धात एआय वापरली तरी मारा करायचा की नाही हे माणूसच ठरवेल, असं सगळे सांगतात. मग भीती कसली? माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, एवढ्यानं भागत नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. माझी सगळी नोकरी लष्कराच्या हवाई संरक्षण दलात गेली (तोफखान्यात नव्हे, नातेवाईक अजून गल्लत करतात), म्हणून उदाहरण तिथलंच देतो.

२३ मार्च २००३. ब्रिटिश हवाई दलाचं टोर्नेडो विमान इराकमधली कामगिरी उरकून कुवेतच्या तळाकडे उतरत होतं. अमेरिकेच्या पेट्रियट तुकडीनं (पेट्रियट म्हणजे विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा) ते पाडलं. आतले दोघंही गेले. विमानाची आयएफएफ, म्हणजे 'मी तुमचाच' असं कळवणारी यंत्रणा, बंद पडलेली. खाली येणारं ते विमान पेट्रियटच्या कॉम्प्युटरला रडारवर चाल करून येणारं क्षेपणास्त्र वाटलं. स्क्रीनसमोर माणसं होती की! त्यांच्या हातात साधारण एक मिनिट होतं.

ब्रिटिश चौकशी अहवाल प्रत्येकानं वाचावा असा आहे. क्षेपणास्त्र ओळखायचे निकष जगभरच्या नाना प्रकारांवरून बेतलेले होते. इराककडे नेमकं काय आहे, ते पाहून ते घट्ट करायला हवे होते. तुकडीचा संपर्काचा संच अमेरिकेहून यायचाच होता, त्यामुळे आजूबाजूच्या आकाशाचं पूर्ण चित्र तिच्यापुढे नव्हतं. आणि प्रशिक्षण कसलं, तर झटपट मारा करा, यंत्रावर भरवसा ठेवा. थोडं थांबले असते तर विमानानं दिशा बदलल्यावर कॉम्प्युटरनंच बहुधा ओळख बदलली असती, असंही त्यात आहे. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

आता सांगा, निर्णय कोणी घेतला? त्या मिनिटातल्या सैनिकानं, की महिनोन्‌महिने आधी निकष भरणाऱ्यानं, आणि संच पोचण्याआधीच तुकडी मोर्च्यावर लावणाऱ्यानं? पेट्रियटचे निकष निदान उघडून वाचता तरी येत होते. लाखो चित्रांवर शिकलेलं एआय मॉडेल 'हे शत्रूचं' म्हणतं तेव्हा का म्हणतं, हे बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. म्हणून मुलीला सांगा, पुढेमागे अशा कामावर गेलीस तर पहिला प्रश्न विचार : हे मॉडेल आपल्या आकाशात, आपल्या विमानांवर, आयएफएफ बंद ठेवून तपासलंय का? आणि ऑपरेटरनं 'थांबतो' म्हटलं, तर त्याची पाठराखण करणारा लेखी आदेश आहे का?

प्रश्न : यावर आंतरराष्ट्रीय करार आहे का? – त्याच वाचक

उत्तर : बंधनकारक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियात सोलला लष्करी एआयवर झालेल्या परिषदेत साठेक देशांनी एका कृती-आराखड्याला पाठिंबा दिला. चीन त्यात नव्हता, भारतही नव्हता. माझ्या मते आपण तिथं बसून कलमांवर भांडायला हवं होतं.