फाशीच्या खटल्यांत काम करायचंय? फेलोशिपबद्दल थोडं सविस्तर

सोलापूरला विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या सदस्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. फाशीच्या शिक्षेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांत फेलोशिप (ठरावीक मुदतीची, मानधनावरची जागा) कशी मिळते, त्यासाठी परदेशात एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करावंच लागतं का, आणि इंग्रजी यथातथाच असेल तर काही अडतं का. मी नागपूरला फौजदारी वकिली करते आणि फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या काही प्रकरणांत काम केलंय, त्या भरवशावर लिहिते. शेवटचा प्रश्न आधी घेते.

इंग्रजी लागतं, कारण उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. ते दोन वर्षांत सुधारतं. पण ज्या कामासाठी या संस्था नव्या मुलांना घेतात, त्यातलं निम्मं काम इंग्रजीत होतच नाही. आरोपीची आई जालना जिल्ह्यातल्या वस्तीवर राहते, बहीण ऊसतोडीला गेलेली असते, शाळेचे गुरुजी निवृत्त होऊन तालुक्याला असतात. या सगळ्यांशी बोलून एका माणसाचं आयुष्य कागदावर आणायचं असतं. दिल्लीतल्या नामवंत विद्यापीठातून आलेल्या हुशार मुलांनाही तिथे दुभाषी लागतो आणि दुभाष्यासमोर आई मोकळी होत नाही. तुमची मराठी हीच इथे मोठी जमेची बाजू आहे. तिला कमीपणा समजू नका.

एक प्रकरण सांगते, म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. १९९४ मध्ये पुण्यात एकाच कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. नारायण चौधरी या नावाने ज्याच्यावर खटला चालला त्याला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकाल पुन्हा तपासावा म्हणून त्याच न्यायालयात केलेला पुनर्विलोकन अर्जही फेटाळला गेला. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे आता फक्त दयेचा अर्ज उरला होता. पण राजस्थानातल्या जलबसर गावच्या शाळेच्या नोंदीत त्याचं खरं नाव निरानाराम होतं आणि जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. बाल न्याय कायद्यात अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही, करता येतो. त्या तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि मार्च २०२३ मध्ये त्याला सोडलं. तोवर तो २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता.

यात मोठा युक्तिवाद कुठे आहे? शाळेचं एक जनरल रजिस्टर आहे, नावांमधला फरक आहे आणि ‘हाच तो मुलगा’ हे सिद्ध करणारी कागदांची साखळी आहे. खटला चालवणाऱ्या, अपील ऐकणाऱ्या, पुनर्विलोकन करणाऱ्या कुणाच्याच समोर हा कागद आला नव्हता. फेलो म्हणून तुमच्या वाट्याला येईल ते बहुतांशी हे काम. शाळेचा दाखला, दवाखान्याचे जुने कागद, मागच्या तुरुंगातल्या नोंदी, जातीचं प्रमाणपत्र, रेशन कार्ड. सरकारी कचेरीत टेबलामागच्या माणसाशी न भांडता काम करून घेता येत असेल, तर तुम्ही या क्षेत्रात टिकाल.

हे काम आज इतकं महत्त्वाचं का झालंय, ते दोन निकालांतून कळतं. बच्चनसिंग प्रकरणात १९८० मध्ये घटनापीठाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण न्यायाधीशाने गुन्ह्यासोबत गुन्हेगाराकडेही पाहिलं पाहिजे असं बजावलं. प्रत्यक्षात चाळीस वर्षं काय चाललं? दोषी ठरवायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षेवर ‘ऐकून घ्यायचं’. वकील उभा राहून सांगणार, आरोपी तरुण आहे, म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. चार ओळींत विषय संपला. मग आला या दोनांतला पहिला निकाल. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सत्र न्यायालयाच्या पातळीवरच आरोपीची कौटुंबिक, सामाजिक, मानसिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातलं वर्तन यांची माहिती रेकॉर्डवर आली पाहिजे, आणि त्यातली बरीच जबाबदारी सरकारी पक्षावरही टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेवरची सुनावणी नेमकी कशी व्हावी, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला गेला. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून मांडायच्या या सगळ्या माहितीला आमच्या भाषेत सरळ मिटिगेशन म्हणतात, आणि ती गोळा करणारा माणूस वकीलच हवा असं नाही. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली मुलंमुली हे काम वकिलांपेक्षा चांगलं करतात, हे मी पाहिलंय.

दुसरा निकाल नागपूरच्या प्रकरणातला आहे. वसंता दुपारे प्रकरणात दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा घटनेतला मार्ग) दरवाजा उघडला. मनोज निकालातली पद्धत पाळली गेली नसेल, तर शिक्षेपुरती सुनावणी पुन्हा घेता येईल असं म्हटलं. दोषसिद्धी कायम, फक्त शिक्षेचा विचार नव्याने. एका चिमुरडीवरच्या अत्याचाराचं आणि हत्येचं हे प्रकरण आहे. ते वाचताना पोटात कालवतं. पण कायद्याच्या अंगाने पाहिलं तर महाराष्ट्रातल्या जुन्या फाईलीही आता पुन्हा उघडाव्या लागतील, आणि मराठी वाचणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांची गरज वाढेल.

आता संस्था. भारतात या विषयावर सर्वांत सलग काम दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात अनुप सुरेंद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ पासून उभं केलं. प्रोजेक्ट ३९ए या नावाने ते ओळखलं जायचं. २०२५ मध्ये हा चमू हैदराबादच्या नालसार विद्यापीठात ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने गेला. २०१६ चा त्यांचा अहवाल वाचल्याशिवाय अर्ज करूच नका. देशभरातल्या ३७३ फाशीच्या कैद्यांशी बोलून तो तयार झालाय, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. ही माणसं कोण आहेत हा प्रश्न त्याआधी कुणी नीट विचारलाच नव्हता. मानसिक आरोग्यावरचा २०२१ चा अहवालही वाचा. तो मला स्वतःला जास्त अस्वस्थ करून गेला. तिथे खटल्याच्या कामासाठी, मिटिगेशनसाठी, संशोधनासाठी जागा निघतात. त्यांचाच फेअर ट्रायल नावाचा कार्यक्रम येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा, कैद्यांसाठी आहे. वकील आणि समाजकार्यकर्ते जोडीने काम करतात. थेट फाशीची प्रकरणं नसली तरी तुमच्यासारख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुरुंगात मुलाखत कशी घ्यायची, कैद्याला त्याच्याच खटल्याची तारीख माहीत नसते तेव्हा काय करायचं, वकीलपत्र बदलताना आधीच्या वकिलाला न दुखावता कागद कसे मिळवायचे, हे वर्गात शिकवत नाहीत.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई आणि महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आहे. तिथेही कायद्याच्या पदवीधरांना वाव असतो. आणि एक पर्याय मुलं विचारातच घेत नाहीत, तो म्हणजे सरकारी विधी सेवा. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लीगल एड डिफेन्स कौन्सेलची कार्यालयं सुरू झाली. पूर्णवेळ बचावाचे वकील, ठरलेलं मानधन, खाली सहाय्यक पदावर नव्या वकिलांनाही घेतात. फाशी होऊ शकेल असा खटला सत्र न्यायालयात चालतो तेव्हा आरोपीकडे बहुधा हाच वकील असतो. तिथे उलटतपासणी ढिसाळ झाली, की पुढे कितीही मोठा ज्येष्ठ वकील आणा, रेकॉर्ड तेच राहतं. नाशिकच्या एका प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, उच्च न्यायालयाने तिघांना दिलेली जन्मठेप रद्द करून सहाही जणांची फाशी नक्की केली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून भलतीच माणसं ओळखली होती, हे त्या फाईलीत आधीपासून होतं. त्यावर बोट ठेवायला सोळा वर्षं लागली.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ब्रायन स्टीव्हन्सन यांची मॉन्टगोमेरीतली इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह, अटलांटातलं सदर्न सेंटर फॉर ह्यूमन राइट्स, लंडनमधली रिप्रीव्ह, ही नावं तुम्ही वाचली असणारच. तिथल्या फेलोशिप चांगल्या आहेत, पण बहुतेक तिथल्याच पदवीधरांसाठी आखलेल्या. भारतीय पदवीवर एलएलएम करून न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसता येतं, पण फाशी देण्याचा जोर आहे अलाबामा, टेक्सास या राज्यांत. कर्ज काढून हा द्राविडी प्राणायाम करू नका. शिष्यवृत्ती मिळाली आणि आधी इथे दोन-तीन वर्षं काम केलेलं असेल तर जरूर जा. तिथे फाशीच्या खटल्यात दोन वकील, एक तपासनीस आणि एक मिटिगेशन तज्ज्ञ असा किमान चमू असावा, असा अमेरिकन बार असोसिएशनचा २००३ चा दंडक आहे. तो चमू कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे ही चारही कामं एकटा विधी सेवेचा वकील करतो आणि शिवाय त्याला त्या दिवशी आणखी तीन तारखा असतात.

अर्जाबद्दल. ‘मला लहानपणापासून अन्यायाची चीड’ छापाची पानं कुणी वाचत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा फाशी कायम करण्याबाबतचा एखादा निकाल घ्या. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे असे निकाल भरपूर आहेत. त्यातला फक्त शिक्षेचा भाग घेऊन चार पानं लिहा. आरोपीबद्दल न्यायालयासमोर काय आलं, काय आलं नाही, काय आणता आलं असतं. वेगळ्या धर्तीचा सराव हवा असेल तर पुण्यातल्या बोराटे आणि कोकडे या दोघा फाशीच्या कैद्यांचं प्रकरण उत्तम आहे, कारण तिथे सगळा प्रश्न तारखांचा आहे. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज मे २०१७ मध्ये फेटाळला आणि फाशीचं वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. मधल्या काळात फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, याचा तक्ता मांडला की अर्धा युक्तिवाद तयार होतो. उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये या विलंबावरून फाशी रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो तक्ता स्वतः बनवून पाहा. मुलाखतीत त्यावर बोलता आलं तर समोरचा सावरून बसेल.

घरचे काय म्हणतील, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते येणारच. कोपर्डीनंतर आपल्याकडे लाखोंचे मोर्चे निघाले. त्यांत तुमचे काका-मामा असतील, कदाचित तुम्हीही असाल. ‘त्या नराधमांना वाचवायला शिकलास का?’ हे लग्नकार्यात ऐकावं लागेल. वाद घालून ते मिटत नाही. मी एवढंच सांगते, की मी पीडितेच्या विरुद्ध उभी नाही, आणि शवविच्छेदनाचा अहवाल मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. तुम्हीही वाचा. गुन्ह्याकडे पाठ फिरवून आरोपीची कैफियत मांडणारा वकील न्यायाधीशांसमोर उघडा पडतो. फाशीच्या बाजूने असलेल्या माणसांना मूर्ख समजणारे काही जण या क्षेत्रात भेटतील. त्यांच्यापासून थोडं लांब राहिलेलं बरं.

पैसे बेताचे मिळतात. शहरात भाडं भरून जगता येतं, घरी फार पाठवता येत नाही. मुदत संपल्यावर पुढे काय, याचाही विचार आत्ताच करा. वकिलीची सनद घेऊन ठेवा, मधूनमधून सत्र न्यायालयात उभं राहत राहा. नुसतं संशोधन करत पाच वर्षं गेली की कोर्टाची भीड बसते.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सोलापूर त्याच्या हद्दीत आहे. दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे फाशीचं प्रकरण लागलेलं असेल त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा. दोन्ही बाजूंचे वकील पेपरबुकातल्या (प्रकरणाच्या सगळ्या कागदांच्या एकत्र बांधलेल्या प्रतीतल्या) कोणत्या पानावर सारखे परत जातात ते टिपा. मग अर्जाचा मसुदा इथे टाका, मी वाचेन.